सातबाऱ्यावर तिचं नाव

दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातली गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. ती मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. आणि मागे गावात असलेल्या दोन एकर कोरडवाहू रानाच्या सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा एकट्या त्याचंच.

दोन एकर बालाघाटाची मुरमाड जमीन घर चालवत नाही, हे खरं. पण पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, वर्षाला 6000 रुपयांचा पीएम-किसान सन्मान निधी, सगळ्याला सातबारा लागतो. नाव नसलं की शेतात राबणारी बाई सरकारदरबारी शेतकरीच ठरत नाही! हे मला फार अन्यायाचं वाटतं.

शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती आंदोलनानंतर शासनाने 1992 मध्ये वाट मोकळी केली. नवऱ्याने स्वतः अर्ज केला, तर त्याच्या हयातीतच पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून आठ-अ सोबत जपून ठेवायचा.

आणि घरधनी गेलाच, तर वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावी. दीर-सासरे “बघू नंतर” म्हणाले तरी थांबू नका, ताई. अर्ज दिल्याची पोच मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.