गुंठा घेण्याआधी रस्ता मोजा



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर तुमच्यापैकी एकाने आम्हाला विचारले, "गुरुजी, आमच्या शिवारात चुन्याच्या रेघा मारल्यात. प्लॉट पडणार म्हणतात. आता गावाचं शहर होणार का?" प्रश्न चांगला आहे. आज त्याविषयीच बोलू.

गावाचे शहर कसे होते, हे पाहायचे तर पुण्याजवळचे पिंपरी-चिंचवड पाहावे. चिंचवड हे पवना नदीच्या काठचे जुने गाव. मोरया गोसावींची समाधी तिथे आहे. चापेकर बंधूही तिथलेच. आजूबाजूला शेते आणि माळ. १९५४ साली पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मग या माळांवर कारखाने उभे राहिले. कामासाठी गावोगावची माणसे आली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. २०११ सालच्या जनगणनेत तिथली वस्ती सतरा लाखांच्या वर भरली.

एवढी माणसे राहिली कुठे? दोन तऱ्हांच्या वस्त्यांत.

पहिली तऱ्हा आखलेली. १९७२ साली तिथे नवनगर विकास प्राधिकरण निघाले. आधी आखणी, मग घरे. रस्ते सोडले, बागेला जागा सोडली, पेठांना क्रमांक दिले. २०२१ साली ते प्राधिकरण संपले, पण निगडीच्या त्या भागाला लोक अजून 'प्राधिकरण'च म्हणतात. त्यात ज्यांची शेते गेली, त्यांचे दुःख वेगळे. ते विसरून चालणार नाही.

दुसरी तऱ्हा गुंठेवारीची. शेतकऱ्याने रान विकले. मधल्या माणसाने त्याचे तुकडे पाडले. ज्याला जसे जमले तसे त्याने घर बांधले. अशा वस्त्या आता प्रत्येक मोठ्या गावाच्या कडेला दिसतात.

आता थोडे गणित करू. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. चौरस फूट भरतात १०८९. एका एकरात ४० गुंठे. मग एका एकरात किती गुंठे विकता येतील? तुम्ही म्हणाल, ४०. पण मग रस्ता कुठे गेला? गटार कुठे गेले? पोरांनी खेळायचे कुठे? जो ४० चे ४० गुंठे विकतो, तो तुमचा रस्ताच विकून मोकळा होतो, बरं का!

हे आम्ही ठेच लागून शिकलो. आम्ही जन्मभर मुलांना "वाचा, वाचा" म्हणून सांगितले. आणि स्वतः दीड गुंठा घेताना कागद नीट न वाचता सही केली. विकणाऱ्याच्या नकाशात रस्ता वीस फुटी होता. जागेवर तो सहाच फूट निघाला. तोवर चौदा घरे उभी राहिली होती.

श्रावणातली रात्र होती. शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. दवाखान्याची गाडी आली, पण कोपऱ्यावरच अडली. चौघांनी पोरीला खुर्चीत बसवून, पावसात, चिखलातून गाडीपर्यंत नेली. देवाच्या कृपेने बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण त्या रात्री आळीत कोणी झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे मारुतीच्या देवळात जमलो. बराच वेळ विकणाऱ्याला शिव्या देण्यात गेला. शेवटी एक आजी म्हणाल्या, "माझा ओटा घ्या. मला बसायला पायरी पुरे." मग एकेक जण बोलू लागला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट सोडायचे ठरले. दोघे अडून बसले. एकाचे म्हणणे खरेच होते, त्याची ती स्वयंपाकघराची भिंत होती. सर्वांनी वर्गणी काढून ती मागे बांधून दिली. दुसरा दिवाळीनंतर कबूल झाला. रस्ता दहा फुटी झाला. आता गाडी दारापर्यंत येते.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. म्हणून जागा घेताना चार गोष्टी करा.

सातबारा स्वतः वाचा. नाव कोणाचे, क्षेत्र किती, इतर हक्कांत बोजा आहे का, ते पाहा.

मंजूर नकाशा मागा. टेप घेऊन जागेवर जा आणि रस्ता मोजा.

पावसाचे पाणी कुठून वाहते, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बुजवलेल्या ओढ्यावर घर बांधू नका. ओढा आपली वाट विसरत नाही.

खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवा. नुसत्या स्टँपपेपरवर लिहून घेतल्याने जागा आपली होत नाही.

आणि ज्यांच्याकडे रान आहे, त्यांनाही एक सांगणे. विकायचेच असेल तर आधी रस्ता सोडा. उद्या त्या रस्त्याने तुमचीच लेकरे जातील.

तुम्ही आता अक्षरे शिकलात. पहिला उपयोग इथेच करा. कागद वाचून होईपर्यंत सही करू नका. समोरचा घाई करू लागला, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा.