सॉफ्टवेअर आणायचं कुठून?

नवं सॉफ्टवेअर हवं असलं की आपण इंटरनेटवर शोधतो आणि समोर दिसेल ते डाउनलोडचं बटण दाबतो. नकली, घातक प्रोग्राम बहुधा याच वाटेनं शिरतात. पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर आणून बसवणारा प्रोग्राम वापरला, तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

डेबियन लिनक्समध्ये ‘ॲप्ट’ हा पॅकेज मॅनेजर १९९९ पासून आहे; उबुंटूतही तोच. तो ठरलेल्या भांडारातून पॅकेज आणतो, डिजिटल सहीच्या आधारे पडताळतो आणि सोबत लागणारी इतर पॅकेजेसही बसवतो. मात्र ‘अपडेट’ म्हटलं की फक्त यादी ताजी होते. सॉफ्टवेअर बदलतं ते ‘अपग्रेड’ म्हटल्यावर. नवखे नेमके इथेच थांबतात आणि जुन्याच आवृत्त्या चालवत राहतात.

विंडोज ११ मध्ये याच कामासाठी ‘विनगेट’ असतो. मॅकवर ‘होमब्रू’ वेगळा बसवावा लागतो.

माझा आग्रह एवढाच, की एक सॉफ्टवेअर एकाच मार्गानं घ्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजेस तिच्या ‘पिप’ या पॅकेज मॅनेजरनं थेट सिस्टिममध्ये घातली, तर ॲप्टनं बसवलेलं बिघडू शकतं. म्हणून २०२३ च्या डेबियन १२ पासून पिप तसं करायला नकार देतो. सक्तीचा पर्याय देऊन तो नकार मोडू नका. प्रत्येक कामासाठी ‘व्हेन्व्ह’ वापरून स्वतंत्र जागा तयार करा.