भूक हरवते तेव्हा



‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या बोलली गेली. खरी भूक लागली की कोंडाही गोड लागतो. पण ज्याची भूकच मंदावली आहे, त्याचे काय? त्याच्यापुढे पंचपक्वान्नांचे ताट मांडले तरी हात पुढे होत नाही. भूक ही शरीराने मेंदूला घातलेली साद आहे. ती साद कोठून उठते आणि कशाने दबते, हे जाणून घेणे वाढवणच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या पाड्यांपर्यंतच्या पट्ट्यात विशेष अगत्याचे आहे.

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. परंतु येथील कुपोषणाचा प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी 1992-93 मध्ये सारा महाराष्ट्र हादरला होता. पुढे अनेक योजना आल्या. 2015 पासून राज्य शासनाच्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळू लागले. ताटात अन्न पडावे हा आग्रह योग्यच आहे. मात्र ताट आणि शरीर यांच्या मध्ये जठर नावाचा एक अवयव आहे, आणि त्याच्या आरोग्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

जठरातील तीव्र आम्लात कोणताही जीव तग धरू शकत नाही, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी ती मोडून काढली. रुग्णांच्या जठरात आढळणारा नागमोडी जिवाणू 1982 मध्ये प्रयोगशाळेत वाढवण्यात त्यांना यश आले. तरीही कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूचे द्रावण स्वतःच प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या व जठराला सूज आल्याचे तपासणीत दिसले. 2005 मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हाच तो हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो युरिएज नावाचे विकर निर्माण करतो, युरियापासून अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशाने आम्लातही सुखाने नांदतो. जठरातील व्रणांचे तो प्रमुख कारण आहे. 1994 मध्ये कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या वर्गात त्याची नोंद झाली.

याच सुमारास भुकेचे कोडेही उलगडत होते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे आणि ‘आता पुरे’ असे मेंदूला सांगणारे लेप्टिन हे संप्रेरक 1994 मध्ये सापडले. 1999 मध्ये जपानमधील कोजिमा आणि कांगावा या संशोधकांनी घ्रेलिनचा शोध लावला. ते मुख्यत्वे जठराच्या वरच्या भागातील पेशींत तयार होते. जेवणाआधी रक्तातील त्याचे प्रमाण वाढते, जेवणानंतर उतरते. शरीराच्या वाढीला कारण होणाऱ्या संप्रेरकाला चालना देण्याचे कामही तेच करते. म्हणजे भूक आणि वाढ या दोहोंची एक किल्ली जठराच्या अस्तरात आहे.

आणि नेमक्या याच अस्तरात हा जिवाणू घर करतो! दीर्घकाळ सूज राहिली की अस्तर झिजते आणि त्यातील घ्रेलिन निर्माण करणाऱ्या पेशी घटतात. संसर्ग असलेल्या व्यक्तींच्या रक्तात घ्रेलिन कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. जठरही थोडे लेप्टिन स्रवते. संसर्गात ते वाढल्याचे आणि उपचारानंतर उतरल्याचे काही संशोधकांना दिसले. भुकेची साद क्षीण आणि तृप्तीची साद मोठी, असा हा दुहेरी घाला आहे. त्यात आम्ल घटल्यास लोह नीट शोषले जात नाही आणि रक्तक्षय बळावतो.

येथे विवेकही हवा. उपचारानंतर घ्रेलिन वाढते की नाही, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. संसर्ग झालेली मुले खुजी आढळली, तरी दारिद्र्य हे संसर्गाचे आणि अपुऱ्या वाढीचेही कारण असू शकते. म्हणूनच केवळ उंची कमी आहे एवढ्यावरून मुलांची या जिवाणूसाठी तपासणी करू नये, असे बालरोगतज्ज्ञांचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्तक्षय हटत नसेल, तर मात्र हा विचार करावा लागतो. औषधांचा क्रम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा आणि पूर्ण करावा. बरे वाटू लागताच प्रतिजैविके सोडली, तर जिवाणू मरत नाही, उलट निर्ढावतो.

मग उपाय कोठे आहे? त्याचे उत्तर याच डहाणू तालुक्याच्या मातीत आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते काम आयुष्यभर वाहिले. वारली मुलांसाठी शाळाच पाड्याच्या अंगणात नेणाऱ्या या दोघींनी अक्षरओळखीच्या आधी हातपाय धुणे, नखे कापणे, स्वच्छ राहणे यांना स्थान दिले. तेव्हा घ्रेलिनचे नावही जगाला ठाऊक नव्हते. पण निरोगी देहावाचून शिक्षण रुजत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

हा संसर्ग बहुधा बालपणीच, दाटीवाटीच्या घरात, एकाच्या तोंडातून वा विष्ठेतून दुसऱ्याच्या पोटात जातो. त्यामुळे शुद्ध पाणी, वापरात असलेले शौचालय आणि साबणाने धुतलेले हात हे कुपोषणाविरुद्धच्या लढाईतील पहिल्या फळीचे सैनिक आहेत. शहरी सुशिक्षित घरांनीही आपण यातून सुटलो असे मानू नये. बाळाला घास चावून भरवण्याची प्रेमळ सवय घातक ठरू शकते. वर्षानुवर्षे स्वतःच आम्लनाशक गोळ्या घेत राहिल्याने मूळ दुखणे झाकले जाते.

वाढवणचे चित्र आता पालटणार आहे. 76,200 कोटी रुपयांच्या बंदर प्रकल्पाला जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध आणि विकासाची अपेक्षा यांचा वाद मोठा आहे. पण कामगारांच्या वस्त्या जेथे उभ्या राहतील, तेथे पाणी आणि मलनिःसारण आधी पोहोचले पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. दाटी आधी आणि नळ मागाहून, असे झाले तर त्याची किंमत तेथील लहान मुलांच्या जठराला मोजावी लागेल.

पाड्यावरच्या बालकाने ताट दूर सारले, तर तो हट्टी आहे असे म्हणून थांबू नये. त्याची भूक कोणी चोरली, हे विचारावे. त्याच्या पुढ्यात अन्न ठेवणे हे कर्तव्याचे अर्धे अंग झाले. ते अन्न त्याला हवेसे वाटावे आणि अंगी लागावे, हे उरलेले अर्धे.