महामारींतील शाळा व सरकारी साहाय्य



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं वक्त्यानें मागील यशाचें वर्णन करावें, असा परिपाठ आहे. परंतु आपली कृतज्ञता खऱ्या हिशेबावर उभी असावी, असें मला वाटतें. म्हणून आज मी आपणांपुढें एका कठीण काळाचा हिशेब मांडणार आहें.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत कोविडच्या सांथीमुळें आपल्या राज्यांतील शाळांचीं दारें बंद झालीं. कळव्यावरून धांवणाऱ्या लोकल गाड्या सामान्य प्रवाशांस बंद झाल्या. रिक्षा जागच्या जागीं उभ्या राहिल्या. लोकांच्या घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बायांना "कामावर येऊं नका" असे निरोप गेले. ज्या घरांत रोजची मिळकत रोज संपते, त्या घरांतून शाळेची फी कोठून यावी?

त्या काळीं माझ्याकडे एका विनाअनुदानित शाळेची व्यवस्था होती. फी थकली म्हणून मीं पालकांस कडक शब्दांत सूचनापत्र धाडलें. दुसऱ्या दिवशीं एक रिक्षावाले गृहस्थ पांचशें रुपये घेऊन आले. "फादर, सध्यां एवढेच आहेत, पोराचें नांव मात्र काढूं नका," असें म्हणून ते हात जोडून उभे राहिले. ते गेले नाहींत तोंच आमच्या एक शिक्षिका आल्या. त्यांना दोन महिने अर्धाच पगार मिळाला होता व घरभाडें थकलें होतें. त्या पत्राची मला आजहि लाज वाटते. पालकाची गरज व शिक्षकाची गरज एकमेकींच्या वैरिणी आहेत, असें मीं मानलें होतें. तो माझा दोष.

आतां सरकारनें काय केलें तें पाहूं. अनुदानित शाळांतील शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरींतून होतात. विनाअनुदानित शाळेचें तसें नाहीं. तेथें पालकांची फी हीच विहीर, आणि ती आटली कीं सर्वांचेच घडे रिकामे. राज्य सरकारनें ८ मे २०२० रोजीं त्या वर्षीं फी वाढवूं नये, असा आदेश काढला. पुढें ३ मे २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजस्थानांतील खाजगी शाळांच्या खटल्यांत निवाडा दिला. शाळा बंद असल्यामुळें ज्या सोयी मुलांस मिळाल्या नाहींत, त्यांबद्दल वार्षिक फींत शेंकडा १५ सूट द्यावी. उरलेली फी हप्त्यांनीं घ्यावी. आणि फी थकली म्हणून कोणाचें शिक्षण अडवूं नये वा निकाल रोखूं नये, असें न्यायालयानें सांगितलें. त्यास अनुसरून महाराष्ट्र सरकारनें १२ ऑगस्ट २०२१ रोजीं सन २०२१-२२ करितां शेंकडा १५ फीकपातीचा आदेश दिला. पालकांस हा दिलासा न्याय्यच होता. परंतु सूट शाळेच्या पदरची होती. तो खड्डा भरून काढणारें अनुदान तिच्याबरोबर आलें नाहीं.

इतर देशांत निराळा मार्ग निघाला. अमेरिकेच्या काँग्रेसनें डिसेंबर २०२० मध्यें खाजगी शाळांच्या साहाय्यार्थ २७५ कोटी डॉलर मंजूर केले, व मार्च २०२१ मध्यें आणखी तितकेच. धर्मसंस्थांच्या शाळाहि त्यांत होत्या. मात्र पैशाचा ताबा सरकारी खात्याकडेच राहिला, आणि दुसऱ्या खेपेस गरीब विद्यार्थी अधिक असलेल्या शाळांकडे विशेष लक्ष दिलें गेलें.

अनुदान ही कल्पना आपणांसहि परकी नाहीं. १८५४ सालीं चार्ल्स वुड यांच्या खलित्यानें या देशांत खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याची पद्धति घालून दिली. सरकारी तपासणी मान्य करावी व मुलांकडून थोडी तरी फी घ्यावी, अशा तिच्या अटी होत्या. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेचें ३० वें कलम सांगतें कीं, अनुदान देतांना, शाळा अल्पसंख्याकांची आहे एवढ्याच कारणानें सरकारनें भेद करूं नये. अनुदान मिळालेंच पाहिजे, असें तें म्हणत नाहीं; तें समान न्याय मागतें. म्हणून पुन्हां असें संकट आलें तर आपण शिक्षकांच्या पगारापुरतें साहाय्य सरकारकडे अवश्य मागावें. परंतु मागणाऱ्यानें आपली हिशेबाची वही आधीं उघडी ठेवावी.

आणि सरकारची वाट पाहात बसूंहि नये. या ज्युबिलीचें स्मारक म्हणून आपण एक संकटनिधि उभारावा, अशी माझी विनंति आहे. चांगल्या वर्षीं थोडें बाजूस ठेवावें. निम्मा भाग मुलांच्या फीकरितां, निम्मा शिक्षकांच्या पगाराकरितां असावा. जमाखर्च दरवर्षीं मंदिराच्या दाराशीं लावावा. मदत घेणाऱ्याचें नांव मात्र कोणास कळूं नये.

ते पांचशें रुपये मीं त्याच दिवशीं त्या शिक्षिकेच्या हातीं दिले. ते कोठून आले, हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि कोठें गेले, हें त्या रिक्षावाल्यांस ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं एका गरिबानें दुसऱ्या गरिबाचा भार उचलला, म्हणून शाळा तगली. पुढच्या संकटांत तो भार आपण सर्वांनीं मिळून उचलावा, एवढी बुद्धि परमेश्वर आपणांस देवो.