विस्तारलेला पट आणि हरवलेली कथा

घरांतील मुलगा हातांतल्या यंत्राकडे तासन् तास पाहत बसला म्हणजे तो केवळ वेळ दवडतो आहे, असें वडील माणसांस वाटतें. तें नेहमींच खरें नसतें. व्हिडिओ गेमांचा एक प्रकार थेट बुद्धिबळाशीं नातें सांगणारा आहे. चौकटींच्या पटावर दोन पक्ष आळीपाळीनें चाली करतात. मात्र येथील मोहऱ्याला नांव असतें, विद्या असते, आणि लढाई संपली कीं त्याची कथा पुढें चालूं लागते. १९९७ सालचा 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' हा जपानी खेळ या प्रकारांत मानाचा समजला जातो. त्याच्याच कुळांतील दोन धाकट्या खेळांची तुलना करण्यासारखी आहे. 'टॅक्टिक्स ॲडव्हान्स' हा २००३ सालीं गेम बॉय ॲडव्हान्स या यंत्रासाठीं निघाला, आणि 'टॅक्टिक्स ए-टू' हा २००७ सालीं निन्टेंडो डीएससाठीं.

पहिल्याचा आरंभ बर्फांत होतो. आयव्हालिस नांवाच्या गांवीं नव्यानें आलेला मार्श, शाळासोबत्यांचा छळ सोसणारा म्यूट आणि करारी रिट्झ यांच्या हातीं एक जुनें पुस्तक लागतें, आणि एका रात्रींत सारें गांव अद्भुत राज्य होऊन बसतें. म्यूटची वारलेली आई तेथें राणी आहे. रिट्झला ज्यांची लाज वाटे, ते पांढरे केस तांबूस झाले आहेत. मार्शचा धाकटा भाऊ डोनेड चाकांच्या खुर्चीला जखडलेला होता. तो आतां धांवतो. आणि घरीं परतण्याचा हट्ट धरतो तो मार्शच! त्या सृष्टीचा आधार असलेले स्फटिक तो एकामागून एक फोडीत जातो. नायक खरा, पण भावाचे पाय काढून घ्यावयास निघालेला नायक. डोनेड त्याच्या वाटेंत आडवा येतो, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकलें असें खेळणाऱ्यालाही म्हणवत नाहीं.

दुसऱ्या खेळानें पट वाढविला. ५ वंशांचे ७ झाले, ३४ पेशांचे ५० हून अधिक झाले. नियम मोडणाऱ्यास तुरुंगांत धाडणारे पहिल्या खेळांतील न्यायाधीशही येथें बरेच सौम्य झाले. सैन्य जुळविण्याची ज्याला हौस आहे त्याला ही मेजवानीच होय, हें नाकारतां येणार नाहीं. पण नायकाचें काय? लूसो नांवाचा मुलगा सुटी लागण्याच्या दिवशीं शिक्षा म्हणून ग्रंथालयांत धाडला जातो, तेथील पुस्तकांत आपलें नांव लिहितो आणि थेट त्या राज्यांत जाऊन पडतो. पुस्तकाचीं पानें साहसांनीं भरलीं कीं घरची वाट मोकळी! मग कोणतेंही साहस चालतें. कोणाची हरवलेली वस्तु शोधावी, कोठें एखादा राक्षस मारावा. मुलगा मोठा गोड आहे, परंतु त्याच्या परतण्यानें कोणाचेंही कांहीं हिरावलें जात नाहीं.

एक जागा मात्र अपवाद आहे. त्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाचें आडनांव रँडेल, म्यूटचेंही तेंच. आई दुसऱ्यांदा गमावून परतलेला तो मुलगा आतां प्रौढ झाला असून पुस्तकें सांभाळतो आहे, हें जुन्या खेळाडूच्या तत्काळ ध्यानांत येतें. एवढ्या मोठ्या पसाऱ्यांत त्याला बोलावयास मात्र फारसा अवकाश ठेवलेला नाहीं.