प्लंबरकीचा हिशेब



बी.कॉम. करून मी कापडाच्या दुकानात महिना 12,000 रुपयांवर होतो. 27व्या वर्षी ती नोकरी सोडून आयटीआयच्या एक वर्षाच्या प्लंबर ट्रेडला प्रवेश घेतला. अब्बा म्हणाले, "एवढा शिकलास ते नळ दुरुस्त करायला?"

आता हिशेब ऐका. वर्षाचा पगार बुडाला, 1,44,000. फी आणि हत्यारांना 9,000. पुढचं वर्ष मिस्त्रीच्या हाताखाली 10,000वर काढलं, म्हणजे आणखी 24,000 कमी. एकूण खड्डा 1,77,000 रुपयांचा. ती दोन वर्षं घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं.

मग स्वतःची कामं घेऊ लागलो. पेट्रोल आणि सामानाचा खर्च वजा जाता, रिकामे दिवस धरूनही महिन्याला सरासरी 22,000 उरू लागले. खड्डा भरायला दीड वर्ष लागलं.

म्हणजे परवडतं का? परवडतं, पण साडेतीन वर्षांनी. जो कायम हेल्परच राहतो, त्याचा खड्डा भरत नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. तोवर घर कोण चालवणार? आणि गिऱ्हाईक माझं नाव घेऊन फोन करेल, इतकं पक्कं काम मी शिकणार का?

मागच्या महिन्यात अब्बांनी स्वतःहून शेजाऱ्यांना माझा नंबर दिला.