लिहिणारा हात आणि वाचणारा डोळा



शाळेंत मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करण हा एक विषय असे. फळ्यावर वाक्य लिहावें, मुलांनीं त्यांतील उद्देश्य कोणतें, विधेय कोणतें, कर्म कोणतें हें सांगावें, आणि गुरुजींनीं त्याखालीं शाखा पाडून दाखवाव्या, असा परिपाठ असे. त्या तासांतली एक अडचण शिक्षकाचें काम केलेल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. मुलें वहींत पृथक्करण करीत असतां आपल्या लक्षांत येतें कीं, फळ्यावर एक शब्द लिहावयाचा राहून गेला. आपण पुढें होऊन तो मध्येंच घालतों. ज्यांचें लक्ष फळ्याकडे असतें तीं मुलें आपली वही दुरुस्त करतात. ज्यांचें नसतें तीं जुन्याच वाक्याचें पृथक्करण पुरें करून मोठ्या विश्वासानें चुकीचें उत्तर आणून दाखवितात. त्यांना व्याकरण येत नाहीं असें नव्हे. त्यांच्या वहींतलें वाक्य आणि फळ्यावरचें वाक्य हीं दोन निराळीं झालेलीं असतात, एवढेंच.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो संगणकाच्या जगांतला असला, तरी त्याचें मर्म या फळ्यापाशींच आहे.

प्रोग्रॅम लिहिणारीं माणसें ज्या साधनांत लिहितात त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. आपल्या घरीं मुलगा किंवा सून हें काम करीत असेल, तर त्यांच्या पडद्यावर रंगीबेरंगी अक्षरें आपण पाहिलीं असतील. ते रंग शोभेसाठीं नसतात. भाषेचे ठराविक शब्द एका रंगांत, अवतरणचिन्हांतला मजकूर दुसऱ्या रंगांत, आणि केवळ माणसाला वाचण्यासाठीं लिहिलेल्या टिपा तिसऱ्या रंगांत, अशी ती विभागणी असते. ही विभागणी करणारा जो भाग, त्याला पार्सर म्हणतात. तो मजकूर वाचतो आणि आपण फळ्यावर पाडीत होतों तशाच शाखांचा एक वृक्ष तयार करतो. रंग देणें, ओळी योग्य तेवढ्या आंत सरकविणें, उघडलेल्या कंसाची जोडी दाखविणें, एखादें नांव सर्व ठिकाणीं एकदम बदलणें, हीं कामें या वृक्षाच्या आधारानें करतां येतात.

एडिटरांत लिहिलेला मजकूर प्रथम संगणकाच्या स्मृतींत असतो. त्या जागेला बफर म्हणतात. आपण जतन करीपर्यंत मूळ फाईल बदलत नाहीं, बफर मात्र प्रत्येक कळीसरशीं बदलतो. म्हणजे हात लिहीतच असतो आणि डोळ्यानें वाचलेला वृक्ष क्षणापूर्वींच्या मजकुराचा असतो. या दोहोंची सांगड कशी राखावयाची, हा प्रश्न आहे.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे प्रत्येक कळीनंतर सर्व मजकूर पहिल्या अक्षरापासून पुन्हां वाचणें. हा उपाय प्रामाणिक खरा, पण महागडा. पडदा सेकंदाला 60 वेळां नवा रंगविला जात असेल, तर एका खेपेला सुमारें 16 मिलिसेकंद मिळतात. हजारों ओळींची फाईल तेवढ्यांत दरवेळीं वाचून होईलच असें नाहीं, आणि न झाल्यास लिहिणाऱ्याचा हात अडखळतो.

म्हणून काटकसरीच्या युक्त्या निघाल्या. ब्राम मूलेनार यांनीं 1991 सालीं प्रसिद्ध केलेल्या व्हिम या एडिटरांत पुढें जी रंगव्यवस्था आली, तिच्यांत पडद्यावरील ओळींच्या कांहीं ओळी मागें जाऊन ‘आपण सध्यां कशाच्या आंत आहोंत’ याचा अंदाज बांधण्याची सोय आहे. अंदाज बहुधा बरोबर येतो. पण एखादी लांबलचक टीप तीनशें ओळी वर सुरू झाली असेल, आणि आपण पन्नासच ओळी मागें गेलों, तर सगळी टीप प्रोग्रॅम म्हणून रंगते. दुसरी युक्ति व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरांत दिसते. तेथें प्रत्येक ओळीच्या अखेरीस एक स्थितीची नोंद ठेवतात. एक ओळ बदलली कीं तेथून खालीं वाचीत जावयाचें, आणि ज्या ओळीच्या अखेरची नवी नोंद जुनीशीं जुळेल तेथें थांबावयाचें. ही युक्ति चांगली आहे. परंतु तिला ओळी कळतात, वाक्याची रचना कळत नाहीं.

तिसऱ्या मार्गाचा पाया अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत घातला गेला. टिम वॅग्नर आणि सुसान ग्रॅहॅम यांनीं 1998 सालीं एका निबंधांत जुना वृक्ष न टाकतां त्याचाच जास्तींत जास्त भाग पुन्हां कसा वापरावा हें मांडलें. त्या विचारांचा आधार घेऊन मॅक्स ब्रन्सफील्ड यांनीं ट्री-सिटर नांवाचें साधन तयार केलें. 2018 च्या सुमारास तें अ‍ॅटम या एडिटरांतून लोकांपुढें आलें. अ‍ॅटम 15 डिसेंबर 2022 रोजीं बंद झाला, पण ट्री-सिटर टिकून राहिलें. 2021 सालीं निओव्हिमनें आणि 2023 सालीं ईमॅक्सच्या 29 व्या आवृत्तीनें त्याला आपल्यांत जागा दिली.

याची रीत अशी. मजकूर बदलला कीं एडिटरनें पार्सरला मुख्यतः तीन गोष्टी कळवावयाच्या: बदल कोठें सुरू झाला, जुना मजकूर कोठें संपत होता, आणि नवा मजकूर आतां कोठें संपतो. 100 व्या जागेपासून पांच जागांचा शब्द खोडून तेथें आठ जागांचा शब्द घातला, तर कळवावयाचे आंकडे 100, 105 आणि 108. याच तीन जागा ओळ आणि ओळींतील स्थान अशाही रीतीनें सांगतात. एवढें कळलें कीं पार्सर त्या जागेला स्पर्श करणाऱ्या शाखांवर ‘शिळी’ अशी खूण करतो. त्याच्या अलीकडच्या शाखा जशाच्या तशा राहतात. पलीकडच्या शाखांचें स्थान तेवढें तीन जागांनीं पुढें सरकतें.

येथें एक मौज आहे. या सरकलेल्या हजारों शाखांना हात लावावा लागत नाहीं. कारण कोणतीच शाखा ‘मी अमुक क्रमांकावर आहें’ असें लिहून ठेवीत नाहीं. तिची स्वतःची लांबी आणि तिच्यापुढची मोकळी जागा, एवढेंच तिच्याजवळ असतें. आगगाडीच्या मध्यें एक डबा जोडला, तर मागच्या डब्यांची लांबी पुन्हां मोजावी लागत नाहीं, तसेंच हें. मग पार्सर शिळ्या शाखांपुरता मजकूर नव्यानें वाचतो आणि जेथें जुनी शाखा जशीच्या तशी बसते तेथें तीच बसवितो.

हें सर्व एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि आजच्या भाषणाचा गाभा तोच आहे. काय बदललें हें पार्सर स्वतः शोधून काढीत नाहीं. त्याला जें कळविलें जातें त्यावर तो विश्वास ठेवतो. वर्दी चुकली, तर तो ‘मला समजलें नाहीं’ असें म्हणत नाहीं. तो त्या मुलांप्रमाणें आत्मविश्वासानें चुकीचें उत्तर देतो.

वर्दी तीन प्रकारें चुकते. पहिला प्रकार, ती दिलीच जात नाहीं. मजकूर केवळ कळा दाबून बदलत नाहीं. चिकटविल्यानें, मागें घेतल्यानें, इंग्रजी अक्षरें लहानाचीं मोठीं केल्यानेंही बदलतो. म्हणून ईमॅक्सच्या कर्त्यांनीं ही नोंद घेण्याचें काम अगदीं आंतल्या थरांत, जेथें प्रत्यक्ष अक्षर बदलतें तेथेंच ठेवलें. नोंद तत्काळ होते. वाचन मात्र कोणी वृक्ष मागेल तेव्हां होतें. दुसरा प्रकार क्रमाचा. दोन बदल एकामागून एक झाले, तर दुसऱ्याचे आंकडे पहिल्या बदलानंतरच्या मजकुराला धरून असतात. उलट क्रमानें ते लागू केले, तर आंकडे चुकूं शकतात.

तिसरा प्रकार मापाचा, आणि तो आपल्या अंगणांतला आहे. ‘मराठी’ हा शब्द घ्या. आपल्या डोळ्याला त्यांत तीन अक्षरें दिसतात. संगणकाच्या युनिकोड पद्धतींत काना व वेलांटी निराळ्या धरून तो पांच चिन्हांचा होतो. आणि यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्यामुळें तो 15 बाइटांचा होतो. इंग्रजी अक्षर तेथें एकच बाइट घेतें. म्हणून जो मनुष्य फक्त इंग्रजी मजकुरावर आपलें काम तपासून पाहतो, त्याला चिन्हें आणि बाइट यांतला फरक कधींच दिसत नाहीं.

याचा अनुभव मला एका जुन्या विद्यार्थ्यामुळें आला. गुणपत्रकाची बेरीज करणारा एक छोटा प्रोग्रॅम मीं त्याच्या मदतीनें लिहिला होता, आणि समजण्यास सोपें जावें म्हणून त्यांत मराठी टिपा घातल्या होत्या. एके दिवशीं मीं वरच्या टिपेंत एक शब्द वाढविला, आणि खालचे रंग शब्दांच्या मध्यावरच बदलूं लागले. तिकडे दुर्लक्ष करून मीं एका नांवाच्या जागीं दुसरें नांव सर्वत्र घालण्याची आज्ञा दिली. नवें नांव शेजारच्या शब्दाच्या पोटांत जाऊन बसलें आणि प्रोग्रॅम चालेना. विद्यार्थ्यानें पाहून सांगितलें, “गुरुजी, चूक तुमची नाहीं. एडिटरला जोडलेली ही पुरवणी चिन्हें मोजते आणि तोच आंकडा बाइट म्हणून पुढें देते. तुम्ही ‘मराठी’ लिहिलें, तिनें पांच म्हणून कळविलें, मजकूर मात्र पंधरा सरकला.”

मी म्हणालों, “अरे, मग इतके दिवस हें कोणालाच कसें कळलें नाहीं?”

तो हंसून म्हणाला, “गुरुजी, त्यांच्यांतल्या कोणीं मराठींत टीप लिहिलीच नसेल.”

प्रोग्रॅम चालला नाहीं हें माझें भाग्यच. तो चालला असता आणि एखाद्या मुलाची बेरीज चुकली असती, तर तें कोणाच्या ध्यानांत आलें असतें?

मोजणीचा हा घोळ सर्वत्र ओळखीचा आहे. एडिटर आणि भाषेचें विश्लेषण करणारा निराळा प्रोग्रॅम यांनीं परस्परांशीं कसें बोलावें याचा एक संकेत मायक्रोसॉफ्टनें 2016 सालीं जाहीर केला. त्यांत स्थान मोजण्याचें माप यूटीएफ-16 चें धरलें होतें; 2022 च्या आवृत्तीपासून दोन्ही पक्षांना आरंभींच दुसरें माप ठरवून घेतां येतें. त्याच संकेतांत आणखी एक शहाणपण आहे. मजकुराच्या प्रत्येक बदलाबरोबर एक आवृत्ति-क्रमांक जातो. 41 व्या आवृत्तीविषयींचें उत्तर येईपर्यंत मजकूर 42 वर गेला असेल, तर तें उत्तर शिळें आहे हें एडिटरला ओळखतां येतें.

आणखी एक गोष्ट. लिहिणाऱ्याचें वाक्य बहुतेक वेळ अपुरेंच असतें. कंस उघडलेला असतो, मिटलेला नसतो. अशा वेळीं चांगला पार्सर सर्व वृक्ष टाकून देत नाहीं. न कळलेल्या तुकड्यावर चुकीची खूण करतो, राहिलेलें चिन्ह ‘येथें हवें होतें’ म्हणून मानून घेतो, आणि बाकीचें वाचन चालू ठेवतो. मुलाचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच त्याला खालीं बसविणाऱ्या शिक्षकानें हें पाहण्यासारखें आहे.

आपल्यांपैकीं जे एडिटर वापरतात त्यांना दोन गोष्टी सांगून मी रजा घेतों. रंग घसरलेले दिसले, तर पुढें लिहीत न राहतां फाईल जतन करून, बंद करून पुन्हां उघडावी. म्हणजे वाचन पहिल्या अक्षरापासून होतें. आणि नांव सर्वत्र बदलण्यापूर्वीं कोणकोणत्या जागा बदलणार त्यांची यादी एकदां डोळ्यांखालून घालावी. अशा त्रासामुळें मराठींत टिपा लिहिण्याचें मात्र सोडूं नये. दोष दिसला तर तो कर्त्याला कळवावा. त्यानें फक्त इंग्रजी मजकुरावर आपलें माप तपासलें, हें त्याला दुसरें कोण सांगणार?